पर्यायांच्या आधारे फलन : प्रवेश परीक्षांतील फलनविषयक प्रश्न आणि त्यांच्या सोडवणुकीची एक समीक्षा

प्रस्तावना

परीक्षेतील प्रश्न विद्यार्थ्याचे ज्ञान मोजतो, असे आपण गृहीत धरतो. कालांतराने तोच प्रश्न त्या ज्ञानाचे स्वरूपही ठरवू लागतो, ही बाब मात्र आपल्या लक्षात उशिरा येते. गणितातील 'फलन' या संकल्पनेच्या बाबतीत ही प्रक्रिया विशेष ठळकपणे दिसते. प्रस्तुत लेखात राज्यातील व राष्ट्रीय पातळीवरील अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांत फलनावर विचारले जाणारे प्रश्न, ते सोडवण्याच्या प्रचलित रीती आणि त्या रीतींचा संकल्पनेच्या आकलनावर होणारा परिणाम यांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. वर्गात रूढ असलेल्या फंक्शन, डोमेन, को-डोमेन व रेंज या शब्दांसाठी येथे अनुक्रमे फलन, प्रांत, सहप्रांत व व्याप्ती हे शब्द वापरले आहेत. उदाहरणे परीक्षांच्या नमुन्यास धरून प्रस्तुत लेखिकेने स्वतः रचली आहेत.

या लेखामागे एक छोटा प्रसंग आहे. पदवीच्या प्रथम वर्षाच्या वर्गात क्ष² चे वर्गमूळ किती, असा प्रश्न मी फळ्यावर लिहिला. बारावीत व प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळवलेल्या एका विद्यार्थ्याने अगदी प्रामाणिकपणे विचारले, "मॅडम, पर्याय काय आहेत?" वर्ग हसला; पण त्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोन वर्षे त्याने गणिताचा जो प्रश्न पाहिला होता, तो चार पर्यायांसह आलेला होता. पर्यायांविना आलेला प्रश्न त्याला अपुरा वाटला.

परीक्षेची चौकट

२०१४ व २०१५ या दोन वर्षांत महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी जेईई मेनचा आधार घेण्यात आला. २०१६ पासून एमएचटी-सीईटी पुन्हा लागू झाली आणि २०१९ पासून ती संगणकावर घेतली जाऊ लागली. या परीक्षेच्या रूढ आराखड्यात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण आणि ९० मिनिटांचा अवधी असतो. म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला १०८ सेकंद येतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के व बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार दिला जातो.

फलनाचे प्रकरण अकरावीचे आहे. बालभारतीच्या २०१९ पासूनच्या पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या भागात ते संच व संबंध यांच्या प्रकरणानंतर येते. हा क्रम विचारपूर्वक योजलेला आहे, कारण फलन हा एक विशिष्ट प्रकारचा संबंध आहे. परंतु अकरावीची परीक्षा महाविद्यालयाच्या पातळीवर होते; मंडळाची परीक्षा बारावीची. त्यामुळे फलनाच्या मूळ प्रकरणाला प्रवेश परीक्षेखेरीज दुसरा बाह्य परीक्षक उरत नाही. ठाण्यातील नौपाडा, डोंबिवलीतील फडके रोड किंवा कल्याण स्थानकाचा परिसर येथील शिकवणी वर्गांत बारावीचा अभ्यासक्रम अकरावीतच सुरू होण्याची प्रथा आहे. ज्या कनिष्ठ महाविद्यालयांनी 'इंटिग्रेटेड' व्यवस्था स्वीकारली आहे, तेथे वर्ग आणि शिकवणी यांतील सीमारेषाही पुसट झाली आहे. अशा परिस्थितीत प्रवेश परीक्षा फलनाविषयी जे विचारते तेच फलन, अशी विद्यार्थ्याची धारणा झाली तर त्याला दोष देता येणार नाही.

व्याख्येचा प्रवास

फलन या संकल्पनेला स्वतःचा इतिहास आहे आणि प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने तो उपयुक्त आहे. हा शब्द गणितात आणला तो लायब्निट्झने, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. १७१८ मध्ये योहान बर्नुलीने व १७४८ मध्ये ऑयलरने फलनाची व्याख्या केली ती 'चल राशी व स्थिरांक यांपासून बनलेली राशी' अशी. थोडक्यात, फलन म्हणजे सूत्र. पुढे १७५५ मध्ये स्वतः ऑयलरनेच एका राशीचे दुसरीवरील अवलंबित्व, अशी अधिक व्यापक मांडणी केली. डिरिक्लेने १८२९ मध्ये परिमेय संख्यांना एक व अपरिमेय संख्यांना दुसरी किंमत देणारे फलन पुढे ठेवले आणि १८३७ मध्ये सूत्राची अट बाजूस सारली. प्रत्येक क्ष साठी एक निश्चित किंमत ठरत असेल, तर ती कोणत्या रीतीने ठरते हा प्रश्न गौण ठरला. १९३९ मध्ये बुर्बाकी गटाने संच व क्रमित जोड्यांच्या भाषेत व्याख्येला आजचे रूप दिले.

आपले पाठ्यपुस्तक व्याख्या देते ती डिरिक्ले-बुर्बाकी परंपरेतील. प्रवेश परीक्षेतील बहुतांश प्रश्न मात्र १७४८ च्या ऑयलरजवळ थांबतात. प्रश्नात सूत्र असते, पर्यायांत सूत्रे असतात आणि विद्यार्थ्याने एका सूत्रापासून दुसऱ्या सूत्रापर्यंत जायचे असते. डेव्हिड टॉल व श्लोमो व्हिनर यांनी १९८१ मध्ये 'संकल्पनेची व्याख्या' आणि 'संकल्पनेची मनातील प्रतिमा' असा जो भेद केला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. व्याख्या पाठ असते. उत्तर देताना काम करते ती प्रतिमा, आणि ती प्रतिमा सूत्राची असते.

किंमत घालून पाहण्याची रीत

आता प्रत्यक्ष सोडवणुकीकडे वळू. पुढील प्रश्न पाहा.

फ(क्ष) = (२क्ष + ३)/(क्ष − १), क्ष ≠ १, असल्यास फ चे व्यस्त फलन कोणते?
(अ) (क्ष + ३)/(२ − क्ष)
(ब) (क्ष − ३)/(क्ष + २)
(क) (क्ष + ३)/(क्ष − २)
(ड) (क्ष − १)/(२क्ष + ३)

पुस्तकी रीत अशी : य = (२क्ष + ३)/(क्ष − १) असे मानून क्ष ची किंमत य च्या रूपात काढायची. शिकवणी वर्गातील रीत अशी : क्ष = २ घ्या. फ(२) = ७. म्हणून व्यस्त फलनाने ७ ला पुन्हा २ कडे नेले पाहिजे. चार पर्यायांत ७ घालून पाहता (अ) −२ देतो, (ब) ४/९ देतो, (क) २ देतो आणि (ड) ६/१७ देतो. उत्तर (क). तीस सेकंदांत काम होते.

प्राध्यापकवर्गात या रीतीविषयी सामान्यतः तुच्छता व्यक्त केली जाते. प्रस्तुत लेखिकेचे मत वेगळे आहे. व्यस्त फलन म्हणजे मूळ फलनाने केलेली जोडणी उलट दिशेने वाचणे, हा अर्थ ज्याला उमगला आहे त्यालाच ही रीत सुचू शकते. पुस्तकी रीतीत क्ष आणि य यांची अदलाबदल यांत्रिकपणे करणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा, '२ गेला ७ कडे, म्हणून ७ आला पाहिजे २ कडे' असे म्हणणारा विद्यार्थी आधुनिक व्याख्येच्या अधिक जवळ आहे. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात विशेष उदाहरण घेऊन पाहण्याला समस्या सोडवण्याच्या साधनांत मानाचे स्थान दिले आहे. तेव्हा आक्षेप रीतीवर नाही. ती कशाच्या बळावर चालते हे न सांगता ती शिकवली जाते, यावर आक्षेप आहे.

ती चालते पर्यायांनी दिलेल्या एका आश्वासनाच्या बळावर : चारांपैकी एक व एकच बरोबर आहे. एका किमतीने पर्याय खोटा ठरवता येतो. एका किमतीने तो खरा ठरवता येत नाही. तीन पर्याय खोटे ठरले की चौथा खरा ठरतो, पण ते श्रेय परीक्षकाच्या हमीचे असते. वरील प्रश्नातच क्ष = २ ऐवजी सर्वांत सोयीची किंमत क्ष = ० घेतली तर काय होते ते पाहावे. फ(०) = −३. पर्यायांत −३ घातल्यास (अ) आणि (क) हे दोन्ही ० देतात. पहिलाच पर्याय जुळला म्हणून पुढे न पाहता (अ) निवडणारा विद्यार्थी चुकतो आणि आपली 'ट्रिक' दगा देऊन गेली असे समजतो. वस्तुतः रीत दगा देत नाही. जुळणे आणि सिद्ध होणे यांतील अंतर त्याला कोणी दाखवलेले नसते.

जेथे रीत अपुरी पडते

दुसरे उदाहरण संयुक्त फलनाचे. फ(क्ष) = √(क्ष − २) आणि ग(क्ष) = क्ष² + २ घेऊ. फ(ग(क्ष)) ची किंमत √(क्ष²), म्हणजे क्ष चे केवलमूल्य |क्ष| येते. पर्यायांत क्ष व |क्ष| हे दोन्ही असतील आणि विद्यार्थ्याने ३ घालून पाहिले, तर दोन्ही जुळतात. −३ घातल्यावरच भेद उघड होतो. याउलट ग(फ(क्ष)) ची किंमत क्ष येते, पण ती केवळ क्ष ≥ २ असतानाच. फ ला २ पेक्षा लहान संख्या स्वीकारताच येत नाही. पर्यायांत नुसते 'क्ष' छापलेले असेल तर तो पर्याय बरोबर धरला जातो, आणि प्रांताचा प्रश्न प्रश्नपत्रिकेतच गिळला जातो. येथे चूक विद्यार्थ्याची नसून प्रश्नकर्त्याची आहे.

तिसरा प्रकार फलन-समीकरणांचा. सर्व नैसर्गिक संख्यांसाठी फ(क्ष + य) = फ(क्ष) + फ(य) आणि फ(१) = ३ असल्यास फ(१) ते फ(१०) यांची बेरीज किती? प्रचलित सल्ला असतो : 'फ(क्ष) = ३क्ष धरा.' उत्तर ३ × ५५ = १६५, आणि ते बरोबर आहे. नैसर्गिक संख्यांपुरते हे गृहीत नसून सहज सिद्ध होणारे विधान आहे : फ(२) = ३ + ३, फ(३) = ६ + ३, याप्रमाणे. परंतु 'नैसर्गिक' हा शब्द वगळून 'वास्तव' लिहिला की चित्र बदलते. कोशीने १८२१ मध्ये फलन सतत असल्यास उत्तर रेषीयच असते हे दाखवले. हामेलने १९०५ मध्ये सातत्याची अट नसल्यास या समीकरणाला रेषीय नसलेली उत्तरेही असतात हे सिद्ध केले. 'धरा' या एका शब्दाने विद्यार्थ्याला प्रांत हा तपशील निरुपद्रवी असल्याचे शिकवले जाते.

चौथा प्रकार मात्र प्रश्नपत्रिकांच्या बाजूने नोंदवला पाहिजे. फ(क्ष) = क्ष² हे फलन एकैक आहे का, आच्छादक आहे का? वास्तव संख्यांकडून वास्तव संख्यांकडे पाहिल्यास ते दोन्ही नाही. प्रांत ऋणेतर संख्यांचा घेतल्यास एकैक होते. सहप्रांत ऋणेतर संख्यांचा घेतल्यास आच्छादक होते. दोन्ही तसे घेतल्यास एकैक व आच्छादक, म्हणून व्यस्तही मिळते. सूत्र एकच आणि उत्तरे चार. असा प्रश्न किंमत घालून सुटत नाही. त्यासाठी प्रांत व सहप्रांत वाचावेच लागतात. बहुपर्यायी स्वरूपातही संकल्पना तपासता येते, याचा हा पुरावा आहे. म्हणून बहुपर्यायी परीक्षेलाच सर्वस्वी दोष देणे योग्य होणार नाही.

गुणदानाचा विचार

रीतीच्या लोकप्रियतेमागे गुणदानाचे गणितही आहे. एमएचटी-सीईटीत चुकीला दंड नसल्याने प्रश्न कोरा ठेवण्यात काहीच हित नाही. जेईई मेनमध्ये बरोबर उत्तरास ४ गुण व चुकीस १ गुण वजा, अशी पद्धत आहे. तेथे केवळ अंदाजाने उत्तर दिल्यास सरासरी प्राप्ती १/४ गुण इतकी येते. दोन पर्याय वगळता आले तर ती १.५ गुणांवर जाते. अर्धवट आकलनालाही भाव आहे, असे विद्यार्थी मानतो ते हिशेबाला धरूनच आहे. २०२० पासून जेईई मेनमध्ये संख्यात्मक उत्तराचे, पर्याय नसलेले प्रश्न आले. तेथे हमी नाहीशी होते, आणि पर्यायांच्या आधाराने चालण्याची सवय झालेला विद्यार्थी नेमका तेथे अडखळतो. परदेशी शिक्षणासाठी आपल्याकडील काही विद्यार्थी जी एसएटी देतात, ती २०२३ पासून भारतात संगणकावर होते आणि तिच्यात आलेख काढणारा गणकही उपलब्ध असतो. आकडेमोड यंत्राकडे गेल्यावर आलेख वाचणे व प्रांत ओळखणे हेच विद्यार्थ्याचे काम उरते, याची नोंद आपणही घ्यावी.

आपल्या परिसरातील फलने

सूत्राच्या प्रतिमेतून विद्यार्थ्याला बाहेर काढायचे तर सूत्र नसलेली फलने दाखवली पाहिजेत. ठाणे-कल्याण पट्ट्यात ती शोधावी लागत नाहीत. एखादी विशिष्ट लोकल घ्यावी. प्रत्येक थांब्याला ती सुटण्याची एक वेळ जोडलेली असते. हे फलन आहे आणि त्याला सूत्र नाही, फक्त वेळापत्रक आहे. धीम्या गाडीच्या प्रांतात कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे ही सर्व स्थानके येतात. सर्वसाधारण जलद गाडीच्या प्रांतात ठाकुर्ली किंवा कोपर येत नाही. 'ही गाडी कोपरला किती वाजता?' या प्रश्नाला चुकीचे उत्तर नसते, उत्तरच नसते. √(क्ष − २) मध्ये १ घालणे म्हणजे नेमके हेच. दिव्याला जलद गाड्यांचा थांबा २०१६ मध्ये मिळाला. रूळ तेच राहिले, प्रांत बदलला. आणि प्रांत बदलणे म्हणजे काय, हे दिव्याहून येणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दोन थांब्यांची वेळ एक नसल्याने हे फलन एकैक आहे. तिकिटाचे भाडे मात्र अंतराच्या टप्प्यांनुसार ठरते, अनेक स्थानकांना एकच भाडे लागते. ते एकैक नाही, म्हणून भाड्यावरून स्थानक सांगता येत नाही. व्यस्त फलन का मिळत नाही, याचे यापेक्षा सोपे स्पष्टीकरण क्वचितच सापडेल.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर गणिताचे आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा जन्म डहाणूचा, जे २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले आणि पुढे त्यांनी देवळालीस शाळाशिक्षक म्हणून नोकरी केली. १९४९ मध्ये त्यांनी दाखवलेली क्रिया अशी : चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडा व त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. ३५२४ पासून ३०८७, त्यापासून ८३५२ आणि त्यापासून ६१७४ मिळते. ६१७४ पासून पुन्हा ६१७४. ही क्रिया एक फलन आहे, पण तिचा नियम शब्दांत आहे. ते एकैक आहे का? नाही, कारण ३५२४ व २३४५ यांना एकच किंमत मिळते. १००० घेतल्यास ९९९ येते. मग सहप्रांत 'चार अंकी संख्या' असा घेऊन चालेल का, की ०९९९ मान्य करावी लागेल? ११११ घेतल्यास शून्य येते. मग कापरेकरांच्या निष्कर्षासाठी प्रांतातून काय वगळावे लागेल? हे सर्व प्रश्न अकरावीच्या विद्यार्थ्याला पेलणारे आहेत आणि एकालाही पर्यायांची गरज नाही.

अध्यापनासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, किंमत घालून पाहण्याची रीत वर्गात उघडपणे शिकवावी, पण प्रत्येक वेळी 'यातून काय खोटे ठरले आणि काय सिद्ध झाले?' हा प्रश्न विचारावा. दुसरी, ० व १ या किमती शक्यतो टाळाव्यात, एक ऋण किंमत अवश्य घ्यावी आणि चारही पर्याय तपासावेत. तिसरी, सूत्राला हात लावण्यापूर्वी प्रांत लिहिण्याची सवय लावावी. चौथी, अकरावीच्या अंतर्गत परीक्षेत तोच प्रश्न एकदा पर्यायांसह व एकदा पर्यायांविना द्यावा. दोन उत्तरांतील तफावत शिक्षकाला बरेच काही सांगून जाते. अकरावीची परीक्षा आपल्या हातात आहे, याचा उपयोग आपण फारसा करत नाही. पाचवी, प्रश्नपत्रिका रचणाऱ्यांनी प्रांत व सहप्रांत यांचा उल्लेख नसलेला फलनविषयक प्रश्न अपूर्ण मानावा.

समारोप

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने तयार झालेल्या गणित अध्यापनविषयक निबंधात विद्यार्थ्याच्या विचाराचे गणितीकरण हे गणित शिक्षणाचे मुख्य उद्दिष्ट मानले आहे. १०८ सेकंदांत या उद्दिष्टाची परीक्षा पूर्णांशाने होणार नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि शिकवणी वर्गातील रीत आणि पुस्तकातील व्याख्या यांत आपण जे वैर कल्पिले आहे, ते अनावश्यक आहे. एक किंमत घालून पर्याय वगळणारा विद्यार्थी प्रतिउदाहरणाचे तर्कशास्त्र वापरत असतो. त्याला ते नाव माहीत नसते, एवढेच. ते नाव त्याला सांगणे, आणि पर्याय काढून घेतल्यावर काय उरते ते दाखवणे, हे वर्गातील शिक्षकाचे काम आहे.

ज्या विद्यार्थ्याच्या घरची परिस्थिती शिकवणीचे शुल्क भरण्याची नाही, त्याच्यापर्यंत ही रीत पोहोचतच नाही आणि व्याख्या केवळ पाठांतराच्या रूपाने पोहोचते. त्याची दोन्हीकडून कोंडी होते. ती फोडण्याची जागा महाविद्यालयाचा वर्ग हीच आहे. 'पर्याय काय आहेत?' असे विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला −३ घालून पाहायला सांगितले. त्याने पाहिले, थोडा थांबला आणि म्हणाला, "मग दोन उत्तरे लिहावी लागतील, क्ष धन असताना एक, ऋण असताना दुसरे." केवलमूल्याची व्याख्या त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितली होती.